रक्त कमी, की रक्त गळतंय?

मैत्रिणींनो, रक्ततपासणीचं शिबिर कधी घ्यायचं हा विषय आपल्या बैठकीत निघाला की मी हल्ली जरा गप्प होते. हिवरखेडला आम्ही अशी शिबिरं पुष्कळ घेतली. बोटाला सुई टोचायची, कागदावर आकडा लिहायचा, आठ असो की नऊ, लोहाच्या गोळ्या हातात द्यायच्या आणि वर पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई यांवर दहा मिनिटं बोलायचं. बाया ऐकून घ्यायच्या. एकदा एकीने विचारलं, "गूळ-शेंगदाने त खातो व बाई, गोया बी खाल्ल्या. मंग रक्त काहून नाई वाढत?" आमच्याकडे उत्तर तयार होतं. बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते, पाळी जाते, बाळंतपणं होतात. यातलं काहीच खोटं नाही. पण हे उत्तर इतकं पाठ झालं होतं की पुढचा प्रश्न विचारायची गरज आम्हाला कधी वाटली नाही. तो प्रश्न माझ्या घरातच बसला होता.

माझी मोठी जाऊ आज बावन्न वर्षांची आहे. हिवरखेड हे तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं मोठं गाव. घरची चार एकर कोरडवाहू, त्यामुळे स्वतःचं निंदण आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात रोजाने जायचं हे तिचं लग्न झाल्यापासून चालू आहे. पावसाळ्यात उकिडवं बसून निंदण. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की वेचणी. वेचणी ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कमरेला फडक्याची झोळी बांधलेली असते, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस काढून तिच्यात टाकत पुढे सरकायचं, आणि जसजशी झोळी भरते तसतशी ती पोटावर, मांड्यांवर लोंबत कमरेला खाली ओढते. मजुरी किलोवर. म्हणजे कंबर सरळ करायला थांबलं की तेवढे पैसे गेले.

चाळिशीत तिची कंबर आणि गुडघे दुखायला लागले. मग गोळी सुरू झाली. मेडिकलमध्ये "कमरीची गोई द्या" म्हटलं की मिळायची. पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून कागदात बांधून देतात, त्यामुळे नाव दुकानातल्या उरलेल्या अर्ध्या पट्टीवर राहतं. आधी वेचणीच्या दिवसांत, मग निंदणाला, मग रोज सकाळी चहाबरोबर एक आणि दुखणं फार असेल तर रात्री दुसरी. असं नऊ-दहा वर्षं. यातल्या कितीतरी पट्ट्या मी स्वतः अकोटहून आणून दिल्या. अख्खी पट्टी स्वस्त पडते म्हणून. मी चळवळीतली बाई, जावेचं दुखणं समजून घेणारी, याचा मला थोडा अभिमानही होता.

पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर तिला दम लागायला लागला. नळाची गुंडी उचलली की बसावं लागायचं. तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्या जवळ. दोन बाटल्या रक्त चढवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, नऊपर्यंत गेलं, आणि सहा महिन्यांत पुन्हा सात. मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हे विचारून झालं. तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिलं, किरकोळ सूज सोडली तर काही नाही. आम्लपित्ताची कॅप्सूल सुरू झाली. मग जेवण झाल्यावर तासाभरात बेंबीभोवती मुरडा यायला लागला, पोट फुगायचं, कधी सगळं उलटून पडायचं. ती जेवणालाच भिऊ लागली. वजन उतरलं. पायांवर सूज आली. फोटोमध्ये आतडं अरुंद झालेलं दिसलं तेव्हा आपल्याकडे पहिला संशय येतो तोच आला, आतड्याचा क्षय. शेवटी एका रात्री आतडं अडलं आणि ऑपरेशन करावं लागलं. लहान आतड्यात तीन ठिकाणी आतून पडदे तयार झाले होते. मधोमध पेन्सिल जाईल एवढंच भोक. भोवती व्रण. तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडली. तपासणीत क्षय निघाला नाही, कर्करोगही नाही.

मग एका तरुण डॉक्टर मुलीने खाटेवर बसून विचारलं, "मावशी, दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

तीन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. म्हणजे "काही औषध चालू आहे का?" असं प्रत्येक दवाखान्यात विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी आम्ही दोघींनी "नाही" म्हटलं होतं. आम्ही खोटं बोलत नव्हतो. जावेच्या लेखी ते औषध नव्हतंच. औषध म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेलं, आजारी माणसाने घ्यायचं. ही तर कामावर जायची गोळी. चहा, तंबाखूची मशेरी आणि ही. माझ्याही लेखी ते औषध नव्हतं, याचं मात्र मला अजून समर्थन सापडत नाही.

आता गोळी नेमकं काय करते ते, मला समजलं तसं सांगते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, पायरॉक्सिकॅम, पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास दिली जाणारी मेफेनॅमिक ॲसिड, आणि जुनी ॲस्पिरिन ही सगळी एका घराण्यातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज आणि वेदना त्यांच्यामुळे वाढतात. ही औषधं ती द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं आणि १९८२ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अडचण अशी की हीच द्रव्यं जठराच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तराची राखण करतात, तिथला रक्तपुरवठा टिकवतात, आणि मूत्रपिंडाकडे रक्त वाहतं ठेवतात. गुडघ्यातली द्रव्यं थांबवायची आणि आतड्यातली चालू ठेवायची असा निवाडा गोळीला करता येत नाही. राखण उठली की आतड्यातलं पित्त, जंतू आणि खुद्द गोळीतलं औषध अस्तराला लागतं. डायक्लोफेनॅकसारखी औषधं तर पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतात, म्हणजे एकच गोळी त्या जागेवरून पुन्हा फिरून जाते.

म्हणून गावात ठाम समजल्या जाणाऱ्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत. एक, "जेवून घेतली की लागत नाही." जेवून घेतल्याने जळजळ कमी होईल, पण रक्तातून होणारा परिणाम जेवणाने थांबत नाही. दुसरी, "सुई घेतली त पोटाले काई होत नाई." सुईतलं औषधही रक्तातूनच जातं आणि तीच राखण उठवतं.

तिसरी समजूत डॉक्टरांमध्येही आहे. सोबत आम्लपित्ताची कॅप्सूल दिली की पोट सुरक्षित. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या कॅप्सूल जठराला आणि त्याच्या लगतच्या भागाला खरोखर वाचवतात. म्हाताऱ्या माणसाला किंवा पूर्वी व्रण झालेल्याला दुखण्याची गोळी द्यावीच लागली तर त्या द्यायलाच हव्यात. पण लहान आतडं सुमारे वीस फूट लांब आहे आणि तिथे ॲसिड कमी करून फारसं काही साधत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक दिलं, सोबत ओमेप्रॅझोलही दिलं. मग गिळायच्या कॅमेऱ्याने आतडं तपासलं, तर ६८ टक्के लोकांच्या लहान आतड्यात नव्या जखमा दिसल्या. दोन आठवड्यांत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लहानशा अभ्यासात तीन महिन्यांहून जास्त काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांच्या लहान आतड्याला इजा आढळली, न घेणाऱ्यांत १० टक्के. त्याआधी, १९९२ साली, मृत्यूनंतर केलेल्या ७१३ तपासण्यांचा अभ्यास छापून आला होता. या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के लोकांच्या लहान आतड्यात व्रण होते, न घेणाऱ्यांत ०.६ टक्के. यातल्या बहुतेक जखमा बारीक असतात आणि गोळी थांबवली की भरून येतात हेही सांगायला हवं, नाहीतर हे वाचून कुणी रात्रभर जागी राहील. सगळ्यांची गत माझ्या जावेसारखी होत नाही. पण वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या बाईच्या जखमेला भरायला सवड कुठली?

आणि हे दिसत नाही. तोंडातून घातलेली दुर्बीण जठराच्या जरा पुढे जाते, खालून घातलेली मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत. मधलं सगळं काळोखात. गिळायचा कॅमेरा २००१ सालानंतर वापरात आला, पण तो आमच्याकडे कुठून येणार, आणि आतडं अरुंद झालेलं असेल तर तो तिथेच अडकायची भीती. शौचातून जाणारं रक्तही थेंबाथेंबाने जातं, डोळ्यांना कळत नाही. जठरातून जास्त रक्त गेलं तर शौच डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं होतं. पण लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होतं आणि आपणच शिबिरात सांगितलेलं असतं, "काळं झालं तरी घाबरू नका बरं." मला हे लिहितानाही कसंसंच होतं. आमचं एक आश्वासन आणि आमची एक गोळी, दोघांनी मिळून एक खूण पुसून टाकली.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाईचं रक्त कमी असणं आपल्याला इतकं नैसर्गिक वाटू लागलं आहे की ते कुठे जातंय हे आपण विचारत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय आहे. हा आकडा आपणच मोर्चात, निवेदनात, भाषणात वापरतो. वापरायलाच हवा. पण निम्म्याहून जास्त बायांना असणारी गोष्ट डॉक्टरला आजार वाटेनाशी होते, आणि आपल्यालाही. पाळी गेलेल्या पुरुषासारख्या तब्येतीच्या बाईचं हिमोग्लोबिन सहावर येतं, आणि कुणालाही धक्का बसत नाही! माझ्या दिराचं सहा झालं असतं तर पहिल्याच आठवड्यात "रक्त जातं कुठून?" म्हणून शोध सुरू झाला असता. जावेच्या बाबतीत तो प्रश्न तीन वर्षं आणि आतड्याच्या एका तुकड्यानंतर आला.

आता दुसरी बाजू. हे वाचून कुणी गावात जाऊन "बायांनो, दुखण्याच्या गोळ्या खाऊ नका" असं सांगणार असेल तर तिने कृपा करून सांगू नये. आपल्या आज्यांना हेच सांगितलं होतं. बाईने सोसावं. बाळंतपणाच्या कळा सोसाव्यात, पाळीचं दुखणं सोसावं, मार सोसावा. वेदना थांबवायचा हक्क मागण्यात चूक काही नाही, आणि चार दिवस पाळीच्या वेळी किंवा लचक भरल्यावर घेतलेल्या गोळीने बहुतेकींना काही होत नाही. "स्वतःच्या मनाने गोळ्या खातात, अडाणी बाया" हे वाक्यही मी दवाखान्यात ऐकलं आहे. जाऊ अडाणी नव्हती, तिचा हिशेब चोख होता. गोळी दोन-चार रुपयांत मिळते. अकोटला डॉक्टरकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, फी लागते, आणि शेवटी तो लिहून देतो तीच गोळी. वर सांगतो, वाकू नका, वजन उचलू नका, आराम करा. हे ऐकून ती परत येताना हसली होती. "आराम त मेडिकलात भेटत नाई ना," म्हणाली.

गोळी बाईला बरं करत नाही, कामावर पाठवते. २०१९ साली तमिळनाडूतल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या बायांच्या मुलाखती एका वृत्तसंस्थेने घेतल्या. पाळीचं दुखणं उठलं की सुपरवायझर नाव नसलेल्या गोळ्या देत, म्हणजे शिलाई थांबायला नको. त्याच वर्षी आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ बायांची पाहणी आली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. खाडा पडला की दंड, म्हणून पाळीच नको. तिथे शस्त्रक्रिया, कारखान्यात सुपरवायझरची गोळी, आमच्याकडे मेडिकलची. आमच्या बायांना तर कुणी सक्तीही करत नाही. त्या स्वतःच चहाबरोबर घेतात.

आणि कंबर दुखते म्हणजे नेहमी कंबरच दुखते असंही नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, त्याला आता पस्तीस वर्षं उलटली. दोन गावांतल्या ६५० बायांना तपासलं, ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. विदर्भाची बाई "कंबर दुखते" म्हणते तेव्हा त्यात पांढरं जाणं असतं, अंग बाहेर येणं असतं, ओटीपोटातला जुना संसर्ग असतो. सासूसमोर, दिरासमोर, मेडिकलवाल्या पोरासमोर उच्चारता येईल असा एवढाच शब्द तिच्याजवळ आहे. त्या शब्दाला ती पोरगा दोन गोळ्या कापून देतो. गोळीने कंबर गप्प होते, आणि खालचं दुखणं तसंच वाढत राहतं. म्हणजे आतडं बिघडतं ते बिघडतंच, पण मूळ रोगही झाकला जातो.

आपली चळवळ औषधांच्या बाबतीत भोळी नव्हती, हे तरुण मैत्रिणींना सांगायला हवं. १९८० च्या दशकात गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेच्या औषधांविरुद्ध स्त्रियांचे गट आणि आरोग्यगट एकत्र लढले, १९८२ सालच्या बंदीला कंपन्यांनी कोर्टात अडवलं तरी लढले, आणि १९८८ साली बंदी आली. नेट-एन या गर्भनिरोधक सुईविरुद्ध १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेलो. गर्भाच्या गोळीकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहिलं, कारण ती बाईच्या शरीरावर ताबा मिळवायला आली होती. दुखण्याची गोळी मात्र मैत्रीण बनून आली. आमच्या गटाच्या पत्र्याच्या डब्यात ती कायम असायची. ८ मार्चच्या फेरीत कुणाचं डोकं दुखलं, पदयात्रेत कुणाचे पाय, की डबा उघडायचा. त्या डब्यात कधी डायक्लोफेनॅक असायचं, कधी निमेसुलाइड. कुणाला पूर्वी पोटात व्रण झालाय का, कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हे आम्ही एकदाही विचारलं नाही.

मूत्रपिंडाचं आमच्या भागात जास्तच मनावर घ्यायला हवं. हिवरखेड डोंगराच्या कुशीत आहे, पण तालुका दक्षिणेला पूर्णेकडे उतरतो तसा खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातलं विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे, आणि तिथल्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराने माणसं गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. खारं पाणी, उन्हातलं काम, वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया, आणि वर मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आखडणारी ही गोळी. यातला कुठला वाटा किती हे मी ठरवू शकत नाही. पण अशा बाईच्या हातात ही गोळी द्यायला माझा हात आता धजत नाही.

गिधाडांची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ साली गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. माणसांची मोठी बाटली गुरांना वापरतात म्हणून २०१५ साली माणसांसाठीची सुईही तीन मिलीच्या आत आणली. गिधाडं वाचायला हवीत, मला त्यांचा राग नाही. पण त्यांची मोजणी झाली, मेलेल्यांचं शवविच्छेदन झालं, कारण सापडलं. आमच्या गावातल्या किती बायांना दहा वर्षं ही गोळी चालू आहे याची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे? सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत असेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमचं मिश्रणही होतं. चांगलं झालं. पण याच जोडीचं मोठ्या मात्रेचं मिश्रण दुकानात आहेच. यांतल्या बहुतेक गोळ्या कायद्याने चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. आमच्याकडे चिठ्ठी मागितली तर मेडिकलवाल्याला वाटेल बाईला शहराची हवा लागली.

गटाने सध्या काय केलं ते सांगते. फार नाही. रक्ततपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवली. "दुखण्याची गोळी घेता का" असं विचारत नाही, त्याला उत्तर "नाई" असंच येतं. "कंबर-गुडघा दुखला की काय घेता? रोज की कधीमधी? किती वर्षं? पट्टी घरी आहे का, दाखवता का?" असं विचारतो. रक्त कमी आणि गोळी रोजची, अशी बाई सापडली की लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवत नाही. एकजण सोबत दवाखान्यात जाते, शौचातल्या अदृश्य रक्ताची साधी तपासणी करायला सांगते, आणि डॉक्टरसमोर ती पट्टी ठेवते. जेवणानंतर मुरडा, उलट्या, उतरलेलं वजन, पायांची सूज असं काही असेल तर नक्कीच. पोट एकाएकी दगडासारखं कडक झालं, किंवा शौच डांबरासारखं झालं, तर उद्यावर टाकायचं नाही. मेडिकलवाल्याशी भांडून एवढं कबूल करून घेतलं की पट्टी कापली तरी नाव असलेला तुकडा द्यायचा, नाहीतर कागदावर लिहून द्यायचं. डब्यात आता फक्त पॅरासिटामॉल आहे. आतड्याला ती पुष्कळ सौम्य, पण तिचीही मर्यादा आहे, जास्त झाली तर यकृताला मारते, आणि दारू पिणाऱ्याला तर जपूनच. गुडघ्याला लावायचा मलम आहे, तो पोटाला गोळीइतका त्रास देत नाही. हृदयासाठी डॉक्टरने दिलेली ॲस्पिरिन किंवा संधिवातावरची औषधं कुणी हे वाचून आपल्या मनाने बंद करू नयेत, ते वेगळं प्रकरण आहे. सांधेदुखीच्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुड्यांकडे मात्र संशयानेच पाहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि स्टेरॉइड आणि ही गोळी एकत्र म्हणजे रक्तस्रावाचा धोका कितीतरी वाढला.

व्यायाम शिकवणारी बाई महिन्यातून एकदा तरी गावात यावी, अशी मागणी केली आहे. अजून कुणी आलेलं नाही.

जावेचं हिमोग्लोबिन आता अकराच्या आसपास टिकून आहे. लोहाच्या गोळ्या त्याच, आहारही तोच, फक्त गळती थांबली. गुडघे मात्र दुखतातच. ऑपरेशननंतर घरी आली त्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "तुह्या त्या डॉक्टरनीनं गोई बंद केली. मंग आता दुखलं त म्या काय करू, ते सांग." मी तिला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. गटातल्या दोघींनी मिळून कापसाची झोळी बदलली, दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेली शिवली, म्हणजे सगळा भार कमरेवर येत नाही. ती बरी वाटते म्हणते. पण त्या झोळीत कापूस जरा सावकाश पडतो, आणि दुपारनंतर गुडघे ऐकत नाहीत. या हंगामात वेचणीला ती अर्धाच दिवस गेली. उरलेल्या अर्ध्या दिवसाची मजुरी कशी भरून काढायची, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.